नागूची दाढ गप्प का झाली

मी एक जुनी दाढ आहे. जोयडा तालुक्यातल्या गुंद गावात नागू नावाचा एक म्हातारा राहतो, त्याच्या खालच्या जबड्यात उजव्या बाजूला माझा मुक्काम आहे. आपली कहाणी सांगताना ऐकणाऱ्यांना 'मित्रांनो' म्हणायची रीत आहे, म्हणून म्हणते. मित्रांनो! झालं समाधान? चिकट गोळी गालात धरून झोपी जाणारी पोरं कुठल्याच दाढेचे मित्र नसतात, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी ऐका. माझ्यावर एक आळ आलेला आहे आणि तो मी मुळीच सोसणार नाही.

आळ असा, की नागूच्या बायकोचं, म्हणजे केशरचं, माहेरचं बियाणं माझ्यामुळं नासलं. ते भात आता आसपासच्या कुठल्याच गावात कोणी लावत नाही. म्हणजे ते गेलं तर केशरला तिच्या आईनं दिलेली शेवटची वस्तू गेली. एवढं मोठं पाप नागूनं खुशाल माझ्या माथी मारलं. माथाही त्यानंच कधीचा झिजवून सपाट केलाय, ती गोष्ट वेगळी. पहिल्यापासून सांगते. मग कोणाचं चुकलं ते तुम्हीच ठरवा.

नागू जन्माला आला तेव्हा मी त्याच्या हिरडीच्या आत, हाडातल्या खोबणीत, नुकती घडायला लागले होते. बाहेर यायला मला सहा वर्षं लागली. मला दोन तऱ्हेच्या कारागिरांनी बांधलं. पहिले बाहेरचे. त्यांनी माझ्या अंगावर पांढरं कवच चढवलं, अंगातल्या कुठल्याही हाडापेक्षा टणक. काम झालं, मी हिरडी फोडून वर आले, आणि हे कारागीर जे गेले ते कायमचे गेले. म्हणजे कवच एकदा झिजलं की झिजलं, ते पुन्हा चढवणारं कोणी उरत नाही. हे कान उघडे ठेवून ऐका, कारण तुमच्याही तोंडात हाच प्रकार आहे.

दुसरे कारागीर आतले. माझ्या पोटात एक खोली आहे. त्या खोलीत रक्ताच्या बारीक वाहिन्या आहेत आणि एक नस आहे. गारठा आणि कळ, सगळं तिलाच कळतं. या खोलीच्या भिंतीला आतून चिकटून हे कारागीर ओळीनं बसलेले असतात. डॉक्टर लोक त्यांना पेशी म्हणतात. कवचाच्या आतली पिवळसर भिंत त्यांनी बांधली. तिला दंतिन म्हणतात. नागू दहाएक वर्षांचा झाला, माझी मुळं पुरी झाली, तेव्हा यांचंही काम संपायला हवं होतं. पण हे लोक उठलेच नाहीत! फक्त हात सावकाश केला. पहिल्या भिंतीवर आतून ते दुसरा थर द्यायला लागले, पातळ, अगदी पातळ, केशर खळ्यावर शेणाचा हात फिरवते तसा. माणूस जिवंत आहे तोवर हा हात थांबत नाही. भिंत आतून जाड होत जाते आणि खोली लहान होत जाते. माझ्यासारख्या दाढेत तर खोलीचं छत खाली येतं आणि जमीन वर येते. याला दुय्यम दंतिन म्हणतात. नाव दुय्यम असलं तरी त्यानं पुढं जे केलं ते काही दुय्यम नव्हतं.

नागूनं मला कसं वागवलं ते विचारू नका. नाही विचारलंत तरी मी सांगणारच आहे. घरात अडकित्ता असताना हा गडी अख्खी सुपारी माझ्याखाली धरून फोडायचा. जत्रेत गेला की सोड्याच्या बाटलीचं बूच माझ्यानं उघडायचा आणि बाकीच्यांकडं बघून हसायचा. कुंपण बांधताना बांबूची कांब दातानं सोलायचा. आणि सकाळी आंघोळ कोणाची, तर माझी. कशानं, तर चुलीतल्या कोळशाच्या भुकटीनं. खसाखसा घासायचा, भांडं घासावं तसा. कधी कोणी सांगितलं की बाबा, हळू घास, तर म्हणायचा, "दात हायत का दही?"

चाळिशीच्या आत माझं वरचं कवच गेलं आणि मधोमध पिवळी वाटी उघडी पडली. आता दंतिन म्हणजे काही दगड नव्हे. त्यात केसाहून बारीक नळ्या असतात, बाहेरून थेट आतल्या खोलीकडं जाणाऱ्या. कवच गेलं की त्यांची तोंडं उघडी पडतात. विहिरीचं गार पाणी लागलं की सणकन कळ आत जायची आणि नागू गालाला हात लावून "आयाया!" करून खाली बसायचा. मला खोटं बोलता येत नाही, मला तेव्हा फार बरं वाटायचं.

तेवढ्यात एक गोष्ट घडली आणि याचं नशीब उघडलं. कापणी-मळणी झाली होती, खळ्यावर भात वाळत होतं. भात ओलं असताना साठवलं तर आतून तापतं, त्याला बुरशी येते. म्हणून भरायच्या आधी दाणा चावून बघतात. सगळे आवाजावर जातात. दाताखाली कट् वाजलं आणि दाणा तुटला तर सुकलं. नुसता चेपला तर ओलं. नागूनं असाच एक दाणा माझ्या वाटीत दाबला. दाणा आतून गार होता, ओलसर होता. मला सणक आली. दुसरा घेतला, सुका होता, मला काहीच झालं नाही. नागू विचारात पडला. पुन्हा ओला घेतला, पुन्हा सणक. एवढी अक्कल त्याला होती, हे मी नाकारत नाही.

झालं! गावभर बोभाटा. आवाज फसवतो, पण नागूची दाढ फसवत नाही. शेजारचा गणपती भाताची मूठ घेऊन यायचा आणि म्हणायचा, "नागूअण्णा, जरा बगा की. तुमची दाढ काय म्हनती?" नागू डोळे मिटायचा, दाणा माझ्यावर धरायचा, ओल आणखी गार पडावी म्हणून वारा आत ओढायचा आणि सगळ्यांना ताटकळत ठेवायचा. मग म्हणायचा, "झिनझिन हाय. आजून ऊन पायजे." किंवा, "दाढ बोलली न्हाई. भरा." खळ्याखळ्यावर त्याला चहा मिळे. कळ मी सोसायची आणि चहा यानं प्यायचा. तोही फुर्र करून माझ्याच अंगावरून! एकदाही कोणी म्हणालं नाही, की नागूअण्णा, त्या दाढेला जरा जपा. पण कौतुक खूप झालं, आणि खरं सांगते, मलाही ते आवडायचं.

पण आतले कारागीर काही कौतुक ऐकत बसले नव्हते. वरचं छप्पर उडालेलं, सुपाऱ्या आदळतायत, गारठा आत येतोय, हे त्यांना कळत होतं. वय होतं तशी भिंत वाढतच होती. जिथं मार बसत होता तिथं त्यांनी आणखी जाड थर चढवला. नळ्या एकेक करून बुजत गेल्या. नस मागं मागं सरकली. खोलीचा कोनाडा झाला, कोनाड्याची फट झाली. हे सगळं त्यांनी कोणासाठी केलं? नागूसाठी. त्या नसेला इजा होऊ नये म्हणून. कोळशानं घासणाऱ्या माणसासाठी माझ्या पोटातले लोक वर्षानुवर्षं एक सुट्टी न घेता खपत होते.

झिणझिण हळूहळू कमी झाली. एका सुगीला नागूला दोनदा वारा ओढावा लागला. पुढच्या सुगीला दाणा बराच वेळ धरून ठेवावा लागला. मग एके वर्षी मी पार गप्प झाले. ओला दाणा असो की सुका, मला काहीच कळेना. हे कळल्यावर शहाण्या माणसानं काय केलं असतं? विचार केला असता, की दाढेला काय झालं? आमच्या या महाशयांनी उलटाच अर्थ काढला. त्याच साली त्यानं जोयड्याच्या बाजारातून निळी ताडपत्री आणली होती. खळ्यावर ती अंथरून भात टाकलं, दाणा चावला, सणक आली नाही. नागू मांडीवर थाप मारून म्हणाला, "बगितलं? ताडपत्रीवर भात कसं झटक्यात सुकतंय!" आणि वर गार पाण्याचा तांब्या घटाघटा प्यायला, दाढ बरी झाली म्हणून.

ऐकलंत? मी बरी झाले म्हणे. बहिरी झाले होते मी!

त्या साली गणपतीच्या भाताला कुबट वास आला. खापर गळक्या कौलांवर फुटलं. पुढच्या साली दुसऱ्या एकाच्या कणगीत बुरशी निघाली, तेव्हा दोष उंदराच्या बिळाला. नागूच्या दाढेवर कोणाचाच संशय गेला नाही. फक्त केशरचा गेला.

आता केशरबद्दल सांगते. ही दिग्गीची. जंगलातलं गाव, तिथून ती लग्न होऊन आली तेव्हा तिच्या आईनं पदरात भात बांधून दिलं होतं. तांबड्या कुसळांचं, बारीक दाण्याचं, शिजलं की शेजारच्या घरापर्यंत घमघमाट. घरात त्याला 'दिग्गीचं' म्हणतात. दरसाल एका वाफ्यात ती ते लावायची आणि बियाण्यापुरतं मुडीत बांधून ठेवायची. मुडी म्हणजे पेंढा वळून केलेलं गोल गाठोडं, चुलीच्या वर टांगतात, धूर लागतो, किडा लागत नाही. दिग्गीला तिच्या भावानं, महाबळेश्वरानं, ते वाण कधीच सोडून दिलं. गव्यांनी दोनदा खाल्लं आणि तो वैतागला. आई तर केव्हाच गेली. म्हणजे ते भात जगात उरलं होतं ते फक्त केशरच्या मुडीत.

गेल्याच्या गेल्या कार्तिकात ते बियाणं ताडपत्रीवर वाळत होतं. केशरनं दाणा चावला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "अवो, ह्ये ओलं हाय. कट् वाजत न्हाई."

नागूनं दाणा घेतला, माझ्यावर धरला, वारा ओढला. माझी नस जाड भिंतीआड गेलेली. मला काय कळणार?

"सुकलंय," नागू म्हणाला. "बांद मुडी."

"न्हाई सुकलं. आजून दोन उनं दिऊया. आबाळ हुतं की मदी."

"तुज्या दाताला काय कळतंय गं? सगळा गाव माज्या दाढंला इचारतो, आनि तू मला शिकवतीस व्हय?"

"बियानं हाय ते. खायाचं न्हवं."

"दाढ बोलली न्हाई म्हंजे न्हाई! बांद म्हटलं की बांद."

गणपती तिथंच उभा होता. चार माणसांसमोर नवऱ्याला किती वेळा तोडायचं, म्हणून केशर गप्प झाली आणि तिनं मुडी बांधली. गाठ तिनं रागानं करकचून आवळली. मला चावा घेता आला असता तर मी नागूच्या जिभेचाच घेतला असता.

पेरणीच्या आधी केशरनं मुडी उतरवली आणि सोडली. आधी वास आला. मग आत हात घातला तर दाणे एकमेकांना चिकटलेले, काळपट, हिरवी बुरशी धरलेले. तिनं मुडी जमिनीवर पालथी केली. मग तिनं सगळं बियाणं पाण्यात टाकलं, वर तरंगलं ते काढलं, बुडालेलं ओल्या गोणपाटात गुंडाळलं आणि रोज उघडून बघायला लागली. मुडीभर बियाण्यातून मूठभर दाण्यांना मोड आले. बाकी सगळं उकिरड्यावर गेलं. उकिरड्यावर टाकताना ती रडली. आईच्या वेळी सुद्धा एवढी रडली नव्हती, असं तिनंच शेजारणीला सांगितलं.

आणि नागू? त्यानं अंगणात उभं राहून, लोकांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मी सुकं बगून दिलं हुतं. हिनंच ओल्या हातानं बांदलं आसंल."

केशरनं त्याच्याकडं बघितलं. "मी सांगितलं हुतं तुमाला," एवढंच म्हणाली आणि आत गेली. त्या दिवसापासून घरात बोलणं बंद. भाकरी पुढ्यात यायची, भाकरीबरोबर शब्द यायचा नाही. नागूला वाटायचं की हिचा राग निवळेल. राग निवळायला तो दुधावरचा फेस होता का?

मोडाचे ते मूठभर दाणे तिनं घराजवळच्या वाफ्यात वेगळे पेरले आणि पुढं शेताच्या एका कोपऱ्यात लावले. बाकी शेतात गणपतीकडून आणलेलं बियाणं गेलं. कोपऱ्याला तिनं स्वतः कुंपण घातलं. नागू मदतीला गेला तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या." पाऊस लागला तरी ती रोज त्या कोपऱ्याकडं जायची. एवढ्याशा रोपांवर तिचा सगळा जीव अडकला होता. ती रोपं गेली असती तर पुन्हा कुठून आणणार?

श्रावणात एका सकाळी नागूनं सवयीप्रमाणं अख्खी सुपारी माझ्याखाली धरली. पुरे झालं म्हटलं! मी माझा एक कोपरा मोडून दिला. मुद्दाम केलं असं समजा हवं तर. तुटलेली धार त्याच्या जिभेला लागली, रक्त आलं, जेवता येईना. बोलणं बंद असलं तरी केशरच त्याला बसनं जोयड्याला घेऊन गेली. सगळ्या रस्त्यात दोघं खिडकीबाहेर बघत होते, एक या खिडकीतून, एक त्या.

दातांच्या डॉक्टर अंकिता वयानं लहान, पण बोलायला गोड. "अज्जा, आ करा," म्हणाल्या आणि दिवा माझ्यावर मारला. "अरे देवा, केवढी तुटलीय! एवढी आतपर्यंत? दुखत नाही तुम्हाला?"

"अंहं," नागू ऐटीत म्हणाला. "माजी दाढ वाग हाय, डाक्टरबाई."

डॉक्टरबाईंनी कापसाचा बोळा घेतला, त्यावर काहीतरी फवारलं. बोळा बर्फासारखा गार पडला. "मी एकेका दाताला हा लावते. गार लागलं की हात वर करायचा."

डावीकडच्या दाताला लावला. नागूचा हात ताडकन वर. माझ्या शेजारणीला लावला. हात वर. मग माझ्या उघड्या वाटीत दाबला आणि धरून ठेवला.

नागूचा हात मांडीवर.

केशर खुर्चीच्या बाजूलाच उभी होती. तिला सगळं दिसत होतं. ती पुढं वाकली.

"अज्जा, लागतंय का?"

"लावा की आदी," नागू तोंड उघडं ठेवूनच म्हणाला.

"लावलाय, अज्जा. केव्हाचा लावलाय."

डॉक्टरबाईंनी माझा फोटो काढला, आरपारचा, आणि पडद्यावर दाखवला. "ही शेजारची दाढ बघा. मधे ही काळी जागा दिसते ना, ती नसेची खोली. आणि ही तुमची दाढ. खोली कुठं आहे? एवढीशी रेघ उरलीय. वय होईल तशी आतली भिंत जाड होत जाते, सगळ्यांचीच होते. तुमची झिजलीय फार, म्हणून जरा जास्तच. मुळाशी काही खराबी दिसत नाही, दाढ घट्ट आहे. पण तिला आता गारठा कळत नाही."

केशरनं विचारलं, "डाक्टरबाई, ओला दाना तिच्यावर धरला तर तिला कळंल?"

"ओला दाणा? कसला?"

"भाताचा. आतनं ओला, गार."

"हा एवढा गार बोळा कळला नाही, अज्जी. दाणा काय कळणार?"

"कवापास्नं कळत नसंल?"

"तारीख नाही सांगता येत. पण हे एका दिवसात होत नाही. वर्षं लागतात."

केशरनं हळूच मान हलवली. मग नागूकडं बघितलं. मुडी उघडल्यापासून पहिल्यांदा सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं. नागूचं तोंड अजून उघडंच होतं. ते मिटून तो ओरडला, "काडून टाका ती! आत्ताच्या आत्ता काडा. खोटी हाय ती. इतकी वरसं मला फसवलं तिनं!"

बघा, मित्रांनो, बघा हा माणूस! मी फसवलं! सुपाऱ्या फोडल्या मी, कळा सोसल्या मी, चहा प्यायला हा, आणि खोटी कोण, तर मी! माझ्या पोटातल्या कारागिरांना बाहेर काढून त्याच्यासमोर उभं करावं असं वाटलं मला.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "चांगली दाढ मी काढत नाही, अज्जा. कोपरा भरून देते."

पण माझी बाजू खरी घेतली ती केशरनं. आवाज न चढवता म्हणाली, "तिला कशाला काडता? ती तर गप हुती. सुकलं, सुकलं म्हनून तुमी बोललासा."

माझा कोपरा भरून झाला, दोघं बाहेर आले, बसची वाट बघत उभे राहिले. नागूनं एकदा काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मला बाहेरचा वारा लागला असणार, कळला नाही. त्यानं तोंड तसंच मिटलं. चुकलो म्हणायला जीभ लागते, दाढ नाही, म्हणून तिथं मी काही मदत करू शकत नव्हते. केली असती की नाही, तेही सांगत नाही.

कापणी आली. कोपऱ्यातलं दिग्गीचं भात पिकलं. केशरनं लोंब्या विळ्यानं एकेक बघून कापल्या, हातानं झोडल्या. एकच टोपली निघाली, तीही काठापर्यंत भरली नाही. ताडपत्री तिनं बाजूला सारली आणि जुनी बांबूची चटई शेणानं सारवून त्यावर भात पसरलं. तीच टोपली चुकली असती तर पुढच्या साली पेरायला काहीच नव्हतं. हे केशरला माहीत होतं, नागूला माहीत होतं आणि त्याच्या तोंडात बसून मलाही माहीत होतं.

भात उन्हात पडून झाल्यावर गणपती आला. त्याच्याबरोबर शेजारची आणखी दोघं-तिघं. गणपतीनं सवयीनं हाक दिली, "नागूअण्णा, बगा की. झालं का?"

नागू सवयीनंच पुढं झाला. दाणा उचलला. माझ्या वाटीत ठेवला. डोळे मिटले, वारा ओढला. माझ्यावर आता निम्मी जागा डॉक्टरबाईंच्या सिमेंटची, तिला तर मुळातच काही कळत नाही. मी जबड्यात घट्ट बसून वाट बघत होते. आता म्हणेल, सुकलं. आता म्हणेल, दाढ बोलली नाही. लोक बघतायत, चहा उकळतोय, हा म्हणणारच. इतक्या वर्षांत याला ओळखत नाही का मी?

नागूनं डोळे उघडले. दाणा हातावर काढला.

"मला कळत न्हाई," तो म्हणाला.

गणपती बघतच राहिला. "कळत न्हाई? म्हंजे?"

"म्हंजे न्हाई कळत. माजी दाढ गप झालीया. लई वरसं झाली. तुज्या भाताला वास आला त्यो कौलांनी न्हवं." एवढं बोलून तो केशरकडं वळला. "मीच भरा म्हनून सांगितलं. तुजं बियानं मीच घालवलं. केशर, तू बग गं."

केशरनं दाणा घेतला आणि दाताखाली धरला. कट् वाजलं नाही.

"ओलं हाय," ती म्हणाली. "आजून ऊन पायजे."

नागू खाली बसला आणि दोन्ही हातांनी भात पातळ पसरायला लागला. केशरनं 'ऱ्हाऊ द्या' म्हटलं नाही.

पुढं उनं झाली. केशर रोज चावायची आणि मान हलवायची. मग एका दुपारी तिच्या तोंडातून आवाज आला, कट्. तिनं दुसरा दाणा घेतला, कट्. तिसरा नागूच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "चावा."

नागू घाबरला. खरंच घाबरला, माझ्या मुळांना कळलं ते. त्यानं दाणा माझ्यावर न ठेवता डावीकडं नेला आणि चावला. कट्.

"आवाज आला," तो म्हणाला. सुकलं म्हणाला नाही. आवाज आला, एवढंच.

"मग धरा पेंडा," केशर म्हणाली, आणि दोघांनी मिळून मुडी वळली. ती आता चुलीवर टांगलेली आहे. या साली त्यातनं पेरणी होईल, मोड किती येतील ते तेव्हा कळेल.

तर मित्रांनो, अशी ही माझी कहाणी. माझ्या पोटात अजूनही तो हात फिरतोच आहे, पापुद्र्यावर पापुद्रा, एक दिवस ती रेघही बुजेल. नागूनं आता अडकित्ता हातात धरलाय आणि कोळसा सोडलाय. फार उशिरा, पण सोडलाय. त्याला मी माफ केलं का? नाही. चार दिवस ब्रश लावला म्हणून माफी मिळत नसते. तुमच्या दाढांवर कवच अजून शाबूत आहे, ते पुन्हा मिळणार नाही, तेव्हा त्याला जपा. बुचं उघडायला ओपनर वापरा. आणि दुखायचं थांबलं म्हणून लगेच नाचू नका. दात बरा झाला की बहिरा झाला, हे तुमचं तुम्हाला कळणार नाही. जवळचं माणूस काही सांगत असेल तर आधी त्याचं ऐका. केशरनं एकदा नव्हे, दोनदा सांगितलं होतं.

बास झालं. आता उठा, चुळा भरा आणि तोंडं मिटा.